लग्न झालं की होईल बरा? बीड जिल्ह्यातल्या एका सदतिशीतल्या शेतकऱ्याचं प्रकरण

नाव, गाव आणि घरातले काही तपशील बदललेत. ज्याची ही गोष्ट आहे त्याला विचारूनच लिहितोय. तो म्हणाला, "लिहा सर, माझ्यासारखे आमच्या एका गावात पंचवीस-तीस जण निघतील." मी या भागात एका छोट्या संस्थेत समुपदेशक म्हणून काम करतो, आशाताई आणि ग्रामीण रुग्णालयाकडून आमच्याकडे लोक येतात.

पार्श्वभूमी

दत्ता, वय ३७. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात गाव, केज तालुक्याच्या अंगाला. साडेतीन एकर कोरडवाहू, विहीर आहे पण फेब्रुवारीत तळ दिसतो. खरिपात सोयाबीन आणि तूर, पाऊस जमला तर रब्बीत ज्वारी. बारावी झाली, बीएच्या दुसऱ्या वर्षाला वडील वारले आणि कॉलेज तिथंच सुटलं. थोरला भाऊ चाकणला कंपनीत, त्याचं लग्न झालंय, दोन लेकरं आहेत, वर्षातून पोळ्याला नाहीतर दिवाळीला येतो. गावात राहिले दत्ता आणि त्याची माय. मायला शुगर आहे, गुडघे गेलेत, चुलीपुढं बसता येत नाही, म्हणून धारा काढण्यापासून भांड्यापर्यंत सगळं दत्ताच करतो आणि भाकरी थापताना दार लोटून घेतो, कारण गावात कुणी बघितलं तर दुसऱ्या दिवशी पारावर विषय होतो.

पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा त्यानं खताच्या पावत्यांच्या पिशवीतून बायोडाट्यांचा एक गठ्ठा काढून दाखवला. मी काही मागितलं नव्हतं, त्यानंच काढला. सगळ्यात जुना २०१३ चा: वय २६, शेती साडेतीन एकर, अपेक्षा 'मुलगी बारावी पास, शेतीची आवड'. त्यानंतरचा: वय २९, शेती ५ एकर विहीर बागायत, अपेक्षा 'किमान दहावी'. त्याच्या पुढचा: वय ३१, शेती ८ एकर बागायत, सोबत स्वतःचा व्यवसाय, आणि अपेक्षेच्या रकान्यात 'अपेक्षा नाही'. शेवटचा: 'घटस्फोटित, विधवा चालेल, जातीची अट नाही', वय अजूनही ३१. फोटो सगळ्यांवर तोच, भावाच्या लग्नातला, फेटा बांधलेला. अकरा वर्षांत एक माणूस स्वतःची किंमत कशी कमी कमी करत गेला ते मला त्या चार कागदांवर जेवढं दिसलं तेवढं कुठल्या फॉर्मवर दिसलं नसतं.

अडचण कशी वाढली

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका मध्यस्थानं स्थळ आणलं, बाहेरच्या जिल्ह्यातलं. मुलगी गरीब घरची, आईबाप नाहीत, मावशी लग्न लावून देणार, फक्त खर्च तुम्ही करायचा. खर्च म्हणजे १ लाख ८० हजार. त्यातले एक लाख खाजगी सावकाराकडून तीन रुपये शेकड्यानं, बाकीचे गाय विकून आणि भावाकडून थोडे. एका देवळात लग्न लागलं, स्टॅम्पपेपरवर नोटरी केली, आणि सहाव्या दिवशी पहाटे नवरी गेली. मंगळसूत्र गेलं, मायची बोरमाळ गेली. मध्यस्थाचा फोन बंद. असे प्रकार मराठवाड्यात आता नवीन राहिले नाहीत, पेपरला अधूनमधून येतच असतात, पण ज्याच्या घरी होतं त्याला पेपरातल्या चार ओळींचा काय आधार.

पैसे गेले त्यापेक्षा नंतर जे झालं ते जास्त लागलं. गावातल्या पोरांनी व्हाट्सअपला स्टेटस ठेवले. एका लग्नात वाढायला गेला तर पंगतीत कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "दत्ता, आमच्या नवरीवर लक्ष ठेव रे." तेव्हापासून त्यानं लग्नाला जाणं सोडलं, मग पारावर बसणं सोडलं, मग दुधाचं कॅनही शेजारच्या पोराच्या हातानं डेअरीला पाठवायला लागला.

ऑगस्टमध्ये आशाताईंनी सांगितलं की हा माणूस दर आठ दिवसाला ॲसिडिटीची गोळी मागायला येतो आणि मध्ये दोनदा खाजगीत ताकदीची सलाईनही लावून आलाय. त्याच्या तोंडून निघणाऱ्या तक्रारी सगळ्या अंगाच्याच: छातीत भरून येतं, डोकं बधिर होतं, हातापायाला मुंग्या येतात, रात्री दोनला जाग आली की परत डोळा लागत नाही. मन, उदास वगैरे एकही शब्द नाही. आपल्याकडच्या पुरुषांचं बहुतेक असंच असतं, त्यांचं दुःख पोटातून आणि छातीतून बोलतं, आणि डॉक्टर पोटाचीच गोळी देतो.

नैराश्य किती आहे ते बघायला पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची तपासणी असते, गेल्या दोन आठवड्यांत किती त्रास झाला ते विचारायचं, एकूण २७ पैकी गुण. १० किंवा त्याच्या पुढं गेलं की नीट लक्ष घालायला लागतं. दत्ताचे १८ आले. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा. तो बांधावर बसून विचारला, घरात माय होती म्हणून. बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "रोज नाही सर. पण फवारणीच्या दिवसांत येतं डोक्यात."

कोणकोणते घटक एकत्र आले

इथं थोडं थांबून लिहितो, कारण सगळं गाव एकच कारण सांगत होतं: लग्न नाही. आणि एकच औषध सांगत होतं: लग्न करून टाका, होईल बरा.

मानसिक त्रास कुणाला जास्त होतो यावर जगभर बरंच काम झालंय, आणि त्यात तीच तीच नावं येतात: कमी शिक्षण, कर्ज, बेभरवशाचं उत्पन्न, जोडीदार नसणं किंवा गमावणं, आजारी माणसाची एकट्यानं देखभाल, एकटेपणा, अपमान. नैराश्य बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. पण आत्महत्येकडं बघितलं तर चित्र उलटं, एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, २०२२ च्या आकड्यांत देशातल्या आत्महत्यांमध्ये ७१.८ टक्के पुरुष होते. म्हणजे त्रास बायका निदान कुणाला तरी सांगतात आणि पुरुष गिळतात, असं मला माझ्या कामावरून वाटतं. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या शंभरातल्या साधारण ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. दत्ता त्या ८५ मधला, आणि आशाताईंनी नोंद घेतली नसती तर तिथंच राहिला असता.

आता लग्नाचं. बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयात हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. २००१ ला हाच आकडा ८९४ होता. हे आकडे दत्ताच्या वयाला सरळ लागू होत नाहीत, तो १९८७ चा. २०११ ला मोजलेली पोरं आत्ता कुठं लग्नाच्या वयात येऊ लागलीत, म्हणजे दत्ताचं जे झालं ते मोठ्या प्रमाणात पुढं यायचंय, आणि तयारी कुणाचीच नाही.

दत्ताच्या वेळची अडचण मुलींच्या संख्येइतकीच शेतीची होती. मुलीच्या बापाचा पहिला प्रश्न, पोरगा काय करतो. शेती म्हटलं की चहा पिऊन पाहुणे उठतात. आणि मुलींना दोष द्यायला लोक लई लवकर पुढं येतात, म्हणून सरळ सांगतो, मुली बरोबर आहेत. ज्या पोरीनं आईला डोक्यावर पाणी आणताना आणि ऊसतोडीला बाळंतपणानंतर महिन्यात कोयता धरताना बघितलंय, ती साडेतीन एकर कोरडवाहूत कशाला येईल? २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि दिवाळीच्या तोंडावर आडतीवर चार हजाराच्या आसपास भाव मिळत होता. हा हिशोब पोरींनाही येतो.

तर एका बाजूला जमीन, शिक्षण अर्धवट, धाकटा म्हणून मायपाशी राहणं नशिबी, वय वाढत जाणं. त्यावर फसवणूक, महिन्याला तीन हजार व्याज, आणि सगळ्या गावापुढं झालेलं हसं. लग्न या सगळ्यातली एक गाठ होती, सगळं सूत नव्हतं.

समोर कोणते मार्ग होते

घरच्यांनी एक मार्ग आधीच पक्का केला होता. मामा तेलंगणाच्या बाजूचं एक स्थळ घेऊन आले होते, मध्यस्थ दुसरा, रक्कम दोन लाख, आणि माय अर्धा एकर विकायला तयार झाली होती. मला म्हणाली, "मी हाय तवर त्याच्या चुलीला माणूस येऊ द्या सर, मग मी मरायला मोकळी." तिच्या बोलण्यात खोट काहीच नव्हती. तिला लेकाचा जीव वाचवायचा होता आणि तिच्या माहितीत उपाय एकच होता.

आमच्यापुढं प्रश्न असा, या लग्नाला सरळ विरोध करायचा का. मी आणि सोबतच्या ताई यावर बरंच बोललो. विरोध केला तर घर आमच्यासाठी बंद होणार, गप्प बसलो तर जमीन जाणार आणि परत तेच झालं तर दत्ता वाचेल का याची खात्री कुणीच देऊ शकत नव्हतं. शिवाय लग्नानं नैराश्य जातं याला आधार काय? एनसीआरबीच्या आकड्यांत आत्महत्या करणाऱ्यांत साधारण दोन तृतीयांश लग्न झालेलेच असतात. मोठ्यांमध्ये लग्न झालेलेच जास्त, म्हणून या आकड्यावरून लग्न वाईट असं म्हणता येत नाही, पण लग्न म्हणजे औषध असंही म्हणता येत नाही, एवढं नक्की.

नुसतं औषध सुरू करून बाकीचं सोडून द्यायचं हाही मार्ग होता, सोपा होता. पण दर महिन्याच्या पाच तारखेला सावकाराचा माणूस दारात येणार असेल तर गोळी किती पुरणार. तिसरा मार्ग पोलिसात तक्रार. दत्ताची अजिबात तयारी नव्हती, "परत सगळ्या गावाला सांगत बसू का?"

अडकलेला निर्णय कायद्याच्या एका साध्या मुद्द्यानं सुटला. तालुका विधी सेवा समितीच्या वकील ताईंनी समजावलं की नोटरीचा कागद म्हणजे लग्नाची नोंदणी नाही, पण देवळात विधी झाले असतील तर पहिलं लग्न कायद्यानं उभं आहे असं कुणी म्हणू शकतं, आणि ते मोकळं केल्याशिवाय दुसरं लग्न केलं तर दत्ताच अडचणीत येईल. त्या मुलीचं आधीच लग्न झालेलं असेल तर हे लग्न मुळातच रद्दबातल ठरतं, पण ते शोधायला तक्रार लागते. हे ऐकून मामाही थांबले. आम्हाला लग्नाच्या विरोधात बोलावं लागलं नाही, 'आधी हे निस्तरा' एवढंच म्हणावं लागलं.

काय केलं

सगळ्यात आधी घरातली फवारणीची औषधं. हे त्याच दिवशी केलं, उद्यावर टाकलं नाही. कुणाला सांगायचं ते दत्तालाच विचारलं, त्यानं चुलत भावाचं नाव घेतलं, बाकी कुणाला नाही. चुलत भावानं औषधं आपल्या कुलपाच्या कोठीत नेली, आणि फवारणी तोच करणार किंवा दोघं मिळून करणार असं ठरलं. मायला कारण सांगितलं नाही. श्रीलंकेत घातक कीटकनाशकांवर बंदी आल्यावर आत्महत्या बऱ्याच घटल्या, हे आता चांगलं माहीत झालंय. तो विचार माणसाच्या डोक्यात लाटेसारखा येतो आणि ओसरतो, त्या वेळात हाताशी काही नसणं यावर खूप काही अवलंबून असतं. आत्महत्येबद्दल विचारलं तर उलट डोक्यात घालून दिल्यासारखं होतं असं अजूनही लोक म्हणतात. तसं होत नाही. विचारल्यावर दत्ताच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मी समोर बघितलंय.

त्याच आठवड्यात अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजच्या मनोविकार ओपीडीत गेलो, चुलत भाऊ सोबत. नैराश्याचं औषध सुरू झालं. डॉक्टरांनी दोन गोष्टी ठासून सांगितल्या, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून मधेच बंद करायचं नाही. पहिले दहा दिवस दत्ता रोज फोन करायचा, "सर, काहीच फरक नाही." हे दिवस लई नाजूक असतात, माणूस इथंच औषध टाकून देतो. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर चुलत भावाच्या फोनमध्ये सेव्ह करून दिला, रात्री-अपरात्री मराठीतून बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

सावकाराचं प्रकरण वेगळं हाताळावं लागलं. २०१४ च्या सावकारी कायद्यानं परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारण कर्जावर १२ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही, आणि इथं तीन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला ३६ टक्के, तेही परवान्याशिवाय. सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकाकडं तक्रार करता येत होती. दत्ताला ती नको होती, सावकार गावातलाच, उद्या अडीअडचणीला तोच. मग थोरल्या भावाला चाकणहून बोलावलं, आणि यावेळी दत्तानं स्वतःच त्याला सगळं सांगितलं, नवव्या प्रश्नासकट. भाऊ रडला. त्यानं कंपनीच्या पतपेढीतून कर्ज काढून सावकाराचे एक लाख आणि ठरवून कमी केलेलं व्याज देऊन विषय मिटवला. आता दत्ता दर हंगामाला भावाचे हप्ते फेडतो. कर्ज तेवढंच राहिलं, पण दारात येणारा माणूस थांबला, आणि त्या महिन्यात झोप सुधारली. योगायोग म्हणा, मला तसं वाटत नाही.

ऑक्टोबरमध्ये दत्तानं फसवणुकीची पोलिसात तक्रार दिली. गुन्हा नवीन कायदा यायच्या आधीचा, म्हणून जुन्याच दंड संहितेचं ४२०, म्हणजे फसवणुकीचं कलम लागलं.

आणि एक गोष्ट, जिचा आमच्या योजनेत आधी विचारच नव्हता. दत्ताला मोटारीचं काम येतं, पाण्यातली मोटार उघडून वाइंडिंग भरतो. तालुक्याला एका ओळखीच्या दुकानात बाजाराच्या दिवशी बसायला सुरुवात केली. तिथं कुणाला त्याचं लग्न माहीत नाही. लोक त्याला मिस्त्री म्हणतात, कामाचे पैसे देतात, चहा पाजतात. एकदा सहज म्हणाला, "तिथं गेलो की कुणी विचारत नाही सर, तुमचं कधी म्हणून."

निष्पत्ती

ऑक्टोबरच्या शेवटी पीएचक्यू-९ चे गुण ११ वर आले. मग तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली, रोज कुठून ना कुठून बँडचा आवाज, आणि दत्तानं कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. डिसेंबरात गुण परत १६. परत अंबाजोगाई, परत पहिल्यापासून. यावेळी चुलत भावाच्या बायकोनं, म्हणजे वहिनीनं, गोळीची जबाबदारी घेतली, संध्याकाळी दूध न्यायला आली की विचारायची. एप्रिल २०२५ ला गुण ७ होते आणि नववा प्रश्न शून्य.

दत्ता अजून एकटाच आहे. मध्यस्थ सापडला, पैसे मिळाले नाहीत, केस सुरू आहे. ती मुलगी सापडली नाही. अर्धा एकर विकला गेला नाही. माय अजूनही स्थळं बघते, फक्त आता पैसे मागणारं स्थळ आलं की आधी वकील ताईंना फोन करते.

पुढच्या वेळी वेगळं काय करता येईल

लग्नसराईचा अंदाज आधीच धरायला हवा. दिवाळी, तुळशीचं लग्न, अक्षय तृतीया हे दिवस अशा माणसाला वर्षातले सगळ्यात जड, त्याच्या आदल्या पंधरवड्यात भेट ठरलेली पाहिजे आणि औषध कोण बघणार ते नावासकट ठरलेलं पाहिजे. वहिनी ऑगस्टपासूनच तिथं होत्या, घरात पुरुषाचं दुखणं म्हटलं की आपण पुरुषालाच सोबत घेतो.

मायची तपासणी पहिल्याच आठवड्यात व्हावी. तिचीही झोप गेलेली, शुगर वाढलेली, जेवण निम्म्यावर. तिच्याकडं फक्त 'घरचे' म्हणून बघितलं तर घरातला दुसरा पेशंट राहून जातो.

त्या नवरीचा प्रश्नही तक्रारीत नीट मांडायला हवा. अशा टोळ्यांमध्ये बऱ्याचदा मुलीही अडकवलेल्या असतात, कर्जापायी नाहीतर धाकानं. ती फक्त आरोपी आहे असं धरून चाललं तर तपासही तेवढ्यावरच थांबतो.

सावकाराची तक्रार लगेच न करता भावाला आणायचं ठरलं ते या घरापुरतं जमलं, कारण चाकणला पगार होता. पगारी भाऊ नसलेल्या घरात निबंधकाकडं जाण्यावाचून मार्ग नाही, आणि तिथं माणूस एकटा गेला तर गावात त्याला राहू देत नाहीत, म्हणून दोन-तीन कर्जदारांनी मिळून जाणं बरं.

आशाताईंच्या वहीत आता आम्ही एक खूण वाढवलीये. ॲसिडिटी, मुंग्या, झोप नाही यासाठी जो माणूस महिन्यात तिसऱ्यांदा येईल, त्याला नऊ प्रश्न विचारायचे, नववा सोडायचा नाही, आणि ते घराबाहेर विचारायचे.